धुराड्याची टोपी

‘चिमणी’ या शब्दाचे मराठीत निदान चार ठिकाणी बिऱ्हाड आहे : अंगणातील पक्षी, रॉकेलचा लहानसा दिवा, गिरणीचा उंच मनोरा आणि अलीकडे गॅसच्या शेगडीवर बसवलेले विजेचे यंत्र. पक्ष्याची चिमणी ‘चिमणा’, म्हणजे लहान, या विशेषणाच्या नात्यातली. गिरणीची चिमणी इंग्रजीतून आली. तिचा माग काढत फ्रेंच आणि लॅटिनमार्गे गेलो, तर ग्रीकमधील भट्टीवाचक ‘कामिनोस’पाशी पोहोचतो. दोन परक्या कुळांचे उच्चार जुळले, एवढेच. कोशात त्यांच्या नोंदी वेगळ्या हव्यात. मला स्वतःला ‘धुराडे’ हा शब्द अधिक आवडतो. त्यात निदान धूर तरी आहे.

मुलुंडच्या आमच्या जुन्या कौलारू घराला असे एक विटांचे धुराडे आहे. गॅस आल्यावर, छपराच्या एका दुरुस्तीत, कंत्राटदाराने पाऊस आत येऊ नये म्हणून त्याच्या तोंडावर सरळ फरशी बसवून टाकली. पाऊस थांबला आणि धूरही. ऐंशी ओलांडलेली माझी आई अंघोळीचे पाणी आजही चुलीवर तापवते. थंडीत दारे-खिडक्या लावल्या, की धूर माजघरात उतरे आणि तिचा खोकला रात्रभर चाले. डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितले. धाकट्या भावाने सुचवले, ‘चूलच काढून टाकू.’ आई म्हणाली, ‘मग मलाही कपाटात ठेवा.’

भावाचे म्हणणे चुकीचे नव्हते. अर्धवट जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. खोकला निदान सावध तरी करतो. तेव्हा चूल ठेवायची, तर धुराला वाट हवी आणि पावसाला अटकाव हवा. इथला पाऊस म्हणजे थट्टा नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो.

पत्रेकाम करणारे मिस्त्री आले, वर चढले आणि खाली येऊन म्हणाले, ‘सर, झाकण नको, छत्री पाहिजे.’ सगळे शास्त्र या दोन नामांच्या भेदात होते. झाकण तोंड बंद करते. छत्री डोक्यावर असते आणि बाजू मोकळ्या ठेवते. धुराड्याचे तोंड आतून नऊ इंच चौरस, म्हणजे ८१ चौरस इंच. त्याचा परीघ ३६ इंच. टोपी सव्वादोन इंच उचलली, तर चारही बाजूंची फट मिळून तोंडाइतकीच जागा होते. पण जाळी आणि काजळी त्यातला वाटा घेतात, म्हणून आम्ही सहा इंच ठेवले. फट वाढली, की तिरप्या पावसाला आत शिरायला जागा मिळते. म्हणून जस्ती पत्रा दोन फूट चौरस घेतला. तो तोंडाच्या बाहेर चहूकडे साडेसात इंच येतो. त्याची कड खाली वळवली, म्हणजे पागोळी विटांवर न ओघळता बाहेर पडते. विटांच्या माथ्यावर सिमेंटला बाहेरच्या बाजूस उतार दिला. जाळी पाऊण इंचाची : चिमणी शिरू नये, काजळीने लवकर बुजूही नये. ती स्क्रूने बसवली आहे. दर वर्षी पावसाआधी उतरवून घासायची.

एक अडचण मात्र आमच्या हातची नव्हती. शेजारी उंच इमारत उभी राहिली आहे. वारा तिच्या भिंतीवर आपटून खाली उतरतो आणि धूर परत ढकलतो. मिस्त्रींनी धुराडे विटांच्या चार थरांनी वाढवून आढ्याच्या वर नेले आणि इमारतीकडच्या बाजूला टोपीखाली पत्र्याचा एक आडोसा लावला. त्या आडोशाला त्यांच्याकडे काही नाव नव्हते. ‘ते आपलं लावायचं असतं,’ एवढेच ते म्हणाले. परिभाषेशिवाय इतके नेमके ज्ञान चालते, हे पाहून माझ्यासारख्याला थोडे अवघडल्यासारखे होते.

आईचा खोकला पूर्ण गेला नाही. रात्रीची झोप मात्र तिला लागते. धूर आता वर जातो आणि कधीकधी त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे वळतो. तिथल्या बाई एकदा विचारायला आल्या होत्या. आईने त्यांना चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत डब्यात घालून दिले, आणि दुसऱ्या दिवसापासून चूल पहाटे पाचला पेटू लागली, त्यांच्या खिडक्या उघडण्याआधी.