कुणाची बिळं

काळ्या कातळाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला दगड म्हटलं की आग आठवते. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्ह्याचा. त्याच्या पोटात गारगोट्या निघतात, झिओलाइटचे सुरेख स्फटिक निघतात. समुद्र काही निघत नाही. त्यामुळेच असेल, कॅनडात विनिपेगच्या विधानभवनात सगळे मान उंचावून घुमट बघत होते आणि माझा पाय भिंतीपाशीच अडकला.

फिकट, दुधाळ चुनखडी आणि तिच्यावर तपकिरी नक्षी. फाटे फुटलेली, एकमेकींत शिरलेली, ओल्या लाकडावर वाळवीनं काढलेल्या वाटांसारखी. हा टिंडल स्टोन. खाणी गार्सन गावाच्या, पण दगड आगगाडीत चढायचा जवळच्या टिंडलला, म्हणून नाव टिंडलचं झालं. (गार्सनवर हा अन्यायच.) 1920 साली पुरं झालेलं हे विधानभवन या दगडाचं, 1916च्या आगीनंतर ओटावात पुन्हा उभ्या राहिलेल्या संसदेच्या आतल्या भिंतींतही तोच आहे.

जिथे आता हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली उतरतो, तिथे सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्र होता. तेव्हा ही भूमीच विषुववृत्ताजवळ होती. तळाशी चुन्याचा गाळ साचत होता आणि त्या गाळात कोणीतरी बिळं खोदत होतं. खोदणारा गेला, बिळात वरून गाळ भरला. हा भरलेला गाळ भोवतालच्यापेक्षा सच्छिद्र. पुढे सगळ्याचा दगड होत असताना मॅग्नेशियम घेऊन पाणी झिरपलं, ते याच वाटांनी. तिथल्या कॅल्साइटची जागा डोलोमाइटनं घेतली, रंग गडद झाला. आजूबाजूची चुनखडी फिकीच राहिली. बीळ बुजल्यावरही पाणी त्याच रस्त्यानं गेलं, हे मला फार आवडतं.

अशा खुणा वाचायची एक रीत आहे. बिळाची बाजू ढासळलेली नाही, म्हणजे गाळ पुरेसा घट्ट होता. एका बिळाला कापून दुसरं गेलंय, त्याला तिसरं. म्हणजे गाळ सावकाश साचत होता, पिढ्यान् पिढ्यांना खोदायला सवड होती. तळापर्यंत प्राणवायू पोचत होता, नाहीतर खोदायला जगलं कोण असतं? शंख-शिंपल्यांची साक्ष इतकी भरवशाची नसते. मेलेला शिंपला लाटेबरोबर कुठल्या कुठे जाऊन पडतो. बीळ जिथे खोदलं तिथेच राहतं.

तरी मान मिळतो तो शरीरांनाच. याच भिंतींत प्रवाळ आहेत, मोठाल्या गोगलगायी आहेत, सरळ लांब शंखांचे शीर्षपाद आहेत. माहीतगार माणूस बोट दाखवतो ते त्यांच्याकडे. बाकी दगडभर पसरलेली मेहनत ‘नक्षी’ या एका शब्दात उरकली जाते. मला विचाराल तर या दगडातली सगळ्यात जिवंत गोष्ट तीच आहे. शंख सांगतो, कोण मेलं. बीळ सांगतं, दिवसभर कोणी काय केलं.

शास्त्रात बिळाला स्वतःचं नाव असतं, खोदणाऱ्याहून वेगळं. कारण निरनिराळे प्राणी एकसारखं बीळ करू शकतात. अशा फाटे फुटणाऱ्या बिळांना थॅलॅसिनॉइडिस म्हणतात. 1944 साली ठेवलेलं हे नाव चिखलात घर करणाऱ्या, कोळंबीच्या गोतावळ्यातल्या प्राण्यांवरून आलं आणि पुढच्या काळातल्या कित्येक बिळांना ते शोभतंही. टिंडलच्या दगडाची गोष्ट निराळी. हा गाळ साचत होता तेव्हा कोळंबीचं अख्खं कूळच जन्माला यायचं होतं. खोदणारा कोणी दुसराच होता, आणि तो कोण यावर अजून एकमत नाही.

विनिपेगला तुमचं कोणी राहत असेल आणि तुम्ही कधी गेलात, तर घुमटावरचा सोनेरी पुतळा जरूर बघा. पण आधी भिंत बघा.