आधी दाढ पाहा

आमचा धाकटा अकरा वर्षांचा आहे आणि तो बोलत नाही. तो स्वमग्न आहे, हे आमच्या दांडिया बाजारातल्या साऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक आहे. त्याविषयी लिहिण्याचा आम्हां उभयतांना आता संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो गेल्या श्रावणातल्या तीन आठवड्यांचा.

त्या दिवसांत तो एकाएकी उजव्या गालावर चापट्या मारून घेऊ लागला. विशेषतः जेवताना. आवडीचा आमटीभात पुढे असला तरी दोन घास खाऊन ताट लोटी आणि फाडकन मारून घेई. आजींनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या गुजराती बेनचे मत पडले की, लाडामुळे ‘छोकरो बगडी गयो’. आम्ही मात्र शास्त्राचा आधार घेतला! दोन वर्षांपूर्वी तो आमचे लक्ष वेधण्यासाठी किंचाळे, तेव्हा वर्तनोपचाराच्या बाईंनी सांगितले होते की, किंचाळण्याकडे पाहू नका, हात धरून बोलावले की लगेच पाहा. तो उपाय उत्तम लागू पडला होता. तोच आम्ही आता चालविला. तो मारून घेई. आम्ही मुकाट्याने ताट उचलीत असू आणि मान फिरवीत असू.

बाई गावाहून परतल्या, तेव्हा त्यांनी आपली नोंदवही उघडलीच नाही. कधीपासून? झोप लागते का? ताप, शौच? कान ओढतो का? कोणत्या बाजूने चावतो? शेवटच्या प्रश्नाला आम्ही निरुत्तर झालो. “हे वागणे नवे आहे आणि एकाच बाजूचे आहे. दाताच्या आणि कानाच्या डॉक्टरांनी तपासल्यावाचून मी यात हात घालणार नाही,” त्या म्हणाल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा दाखलाही त्यांनी दिला. त्यातले बालक स्वतःला इजा करून घेई ते केवळ मध्यकर्णाला संसर्ग झालेला असे त्या काळातच. कान बरा असला की मुळीच नाही. खरे सांगायचे तर, बाई अंग काढून घेत आहेत असेच आम्हांला वाटले.

तो तोंड उघडू देईना, म्हणून भूल देऊन तपासावे लागले. कान स्वच्छ होते. उजवीकडची खालची दाढ मुळापर्यंत किडलेली होती आणि तळाशी पू साचला होता. तीन आठवडे त्याने आपल्या परीने दुखणे सांगितले होते, आणि आम्ही उपचार म्हणून मान फिरवली होती.

दाढ काढल्यावर आठवड्याभरात चापट्या बहुतेक थांबल्या. अजिबात थांबल्या मात्र नाहीत. नावडती भाजी दिसली की एखादी चापट बसेच, कारण तसे केल्याने ताट जाते, हे तो एव्हाना आमच्याकडूनच शिकला होता. मग बाईंची वही उघडली. ‘नको’साठी तळहात पुढे करायला त्यांनी शिकवले, आणि दुखण्यासाठी दात, कान, पोट यांची चित्रे दिली.

ती आता स्वयंपाकघराच्या दारावर टांगली आहेत. भेंडीच्या दिवशीही तो कधीकधी दाताचे चित्र आणून देतो. आम्ही बॅटरी घेऊन तोंडात पाहतो आणि मगच भेंडी वाढतो.