सेल्फ फिरतो, इंजिन उचलत नाही

आलापल्लीहून भामरागडकडे सवारी गाडी चालवायची तर क्लच प्लेट हा नेहमीचाच खर्च धरावा लागतो. पावसाळ्यात चिखलातून गाडी हाफ क्लचवर ओढावी लागते, आत माणसं आणि टपावर तांदळाची पोती. दुसऱ्या बाजूला आष्टीच्या रस्त्याची सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी केलेली दशा. या वेळी चढावर जळका वास यायला लागला. ॲक्सिलेटर दाबला की इंजिन नुसतं गुरगुरायचं, गाडी जागची हलायची नाही. रखडत रखडत गॅरेज गाठलं. मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट बदलला आणि गिअरबॉक्स परत चढवला. चाबी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन काही उचललं नाही.

भोवती जमलेल्यांनी निदान करायला वेळ लावला नाही. कोणी म्हणालं बॅटरी, कोणी नोझल, कोणी डिझेलमध्ये पाणी. "धक्का मारू ना भाऊ, होते सुरू," असंही एक जण म्हणाला. जुन्या जीपला हे चालायचं. तिचा पंप इंजिनच्या गिअरवर चाले. इंजिन फिरलं की डिझेल नोझलपर्यंत जायचंच. कॉमन रेलच्या गाडीत नोझल कधी उघडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्याने ठरवलं नाही तर भामरागडपर्यंत ढकला, गाडी सुरू होणार नाही.

मला एकच गोष्ट दिसत होती. गाडी गॅरेजात आली ती स्वतःच्या इंजिनावर. तेव्हा नोझल नीट होते, पंप नीट होता आणि टाकीतलं डिझेलही हेच होतं. मध्ये झालं ते एवढंच, गिअरबॉक्स उतरला आणि चढला. मग बिघाड शोधायचा तर जिथे जिथे पाना लागला तिथे शोधायचा.

गिअरबॉक्स काढायचा म्हणजे बॅटरीची वायर सुटते, अर्थिंगची पट्टी सुटते, सेल्फ उतरतो, रिव्हर्स लाइटचा सॉकेट निघतो. आमच्या गाडीत क्रँक सेन्सरही तिथेच, फ्लायव्हीलकडे तोंड करून बसलेला. अर्थिंग राहिलं असतं तर सेल्फ रडत फिरला असता. तो तर ठणठणीत फिरत होता.

"मिस्त्री, तुम्ही सेल्फ मारा, मी सायलेन्सरपाशी बसतो," मी म्हटलं. धूर अजिबात आला नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, असं कळलं असतं. इथे ते जातच नव्हतं. मग मी स्वतः सेल्फ मारून मीटरकडे पाहिलं. आरपीएमचा काटा शून्यावरून हलेना. इंजिन फिरत होतं आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नव्हता.

फ्लायव्हीलवरची प्रत्येक खाच सेन्सरसमोरून जाताना विजेचा बारीक ठोका देते. खाचांच्या ओळीत एका जागी मुद्दाम खंड ठेवलेला असतो, त्यावरून पिस्टन कुठे आहे ते कॉम्प्युटर ताडतो. डिझेलला स्पार्क प्लग नाही, ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटतं. त्यामुळे फवारा नेमक्या क्षणी सुटायला हवा. ठोका पोचला नाही, तर फवारा बंद.

मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. सेन्सरचा सॉकेट तर नीट बसलेला होता. एवढं पाहून कोणीही बाहेर आलं असतं. त्यांनी सॉकेटपासून वायरवर बोट फिरवत नेलं आणि सेल्फपाशी बोट अडलं. सेल्फ कसताना वायर त्याच्याखाली सापडली होती. कव्हर चिरडलेलं, आतलं तांबं थेट लोखंडाला टेकलेलं. त्यांनी बॅटरीची मायनस काढली, सेल्फ सैल केला, वायरला डाख देऊन स्लीव्ह चढवली आणि सेल्फपासून लांब बांधली. चाबी फिरवताच काटा हलला आणि इंजिन उचललं.

स्कॅनर लावायचा म्हटलं असतं, तर गाडी टोचन लावून चंद्रपूरला न्यावी लागली असती. नुसत्या अंदाजावर नोझल आणि पंप उघडले जातात याचा मला मनापासून राग येतो. भाग बाहेरगावी जातात, बिल वाढतं आणि गाडी उभी राहते. आमच्या भागात गाडी उभी राहिली की माणसं अडकतात. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटतं. पाणी उतरल्यावर पहिल्या फेरीला माणसं रस्त्यावर उभीच असतात. पेरमिलीकडून हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात निघालेले आजारीही त्यात असतात.

आता गिअरबॉक्स उतरण्याआधी मी मोबाइलवर वायरिंगचे फोटो काढून ठेवतो, कोणती वायर कशावरून जाते ते दिसेल असे. मिस्त्रीही ते मागून घेतात आणि सेल्फचे बोल्ट कसण्याआधी फोटोशी ताडून बघतात.