हरता हरता

मुलांच्या व्हिडिओ गेमबद्दल आपल्या घरांमध्ये साधारणपणे दोनच मते असतात. एक, 'खेळू दे गं, वय आहे त्याचं' आणि दुसरे, 'डोळे जातील, बंद कर ते आधी.' पहिले मत बहुधा आजीचे असते, दुसरे आईचे. खेळ नेमका कोणता, त्यात काय करावे लागते, तो चांगला आहे की सुमार, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. सिनेमा पाहून आलो की कथा, अभिनय, गाणी यांची उजवी-डावी बाजू आपण जेवताना पानावर बसून मांडतो. तेवढे भाग्य व्हिडिओ गेमच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच आज एका खेळाची उजवी-डावी बाजू वाचकांपुढे ठेवणार आहे.

खेळाचे नाव 'एल्डन रिंग'. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने तो तयार केला आणि २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तो बाजारात आला. दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे. खेळातल्या जगाची पूर्वकथा 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचली. वर्षभरात त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि २०२२ च्या 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून त्याचा गौरव झाला. एवढ्या लोकांना आवडलेल्या या खेळाची ख्याती कशाबद्दल? तर तो अतिशय कठीण आहे याबद्दल.

माझा त्याच्याशी संबंध आला तो भाच्यामुळे. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत मनासारखे गुण पडले नाहीत, म्हणून एक वर्ष थांबून पुन्हा बसायचे ठरवून तो इंदूरहून आमच्याकडे पुण्याला राहायला आला. दिवसभर क्लास आणि अभ्यास, संध्याकाळी दोन तास हा खेळ. त्याच्या खोलीतून एकच शब्द बाहेर ऐकू यायचा, 'मेलो!' थोड्या वेळाने, 'परत मेलो!' ताईच्या कानावर हे फोनवरून गेले तेव्हा ती काळजीने म्हणाली, "अगं, तू मासिकात लिहितेस ना, मग बघ तरी तो काय खेळतोय ते. पोरगं एकदा हरलंय. त्यात रोज संध्याकाळी हे हरणं कशाला?"

प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्याकडे नव्हते. म्हणून रात्रीचे स्वयंपाकघर आवरले की मीही खेळायला बसू लागले. हा क्रम सुमारे तीन महिने चालला.

खेळ आहे तरी कसा?

मोडकळीला आलेले एक विशाल राज्य आहे. मधोमध सोन्यासारखा झळाळणारा प्रचंड वृक्ष. राजघराण्यातले वारस एका तुटलेल्या कड्याच्या तुकड्यांसाठी आपसात लढून वेडेपिसे झालेले. आपण एक हद्दपार झालेला योद्धा असतो आणि आपल्याला तिथला राजा व्हायचे असते. शत्रूला मारले की 'रून' मिळतात. त्यांवर ताकद वाढवायची, शस्त्रे सुधारायची. पण आपण मेलो की जमवलेले सगळे रून मेल्या जागी पडून राहतात. पुन्हा तिथवर जाऊन ते उचलता येतात, पण वाटेत दुसऱ्यांदा मेलो तर ते कायमचे गेले. पगाराचे पाकीट बसमध्ये विसरावे आणि तीच बस पुन्हा पकडण्यासाठी धावावे, तशी काहीशी ही अवस्था होते.

सोपे-मध्यम-कठीण अशी पातळी निवडण्याची सोय नाही. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका.

उजवी बाजू

पहिला गुण म्हणजे या खेळाचा कठीणपणा बहुतांशी प्रामाणिक आहे. पहिल्या किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा एक शिंगाड्या राक्षस उभा असतो. तो काठी उगारतो आणि उगारलेलीच ठेवतो. आपण घाबरून आधीच बाजूला लोळण घेतो, उठतो, आणि नेमकी तेव्हा काठी खाली येते. वीस-बावीस वेळा माझे हेच झाले. मागे उभा राहून पाहणारा भाचा शेवटी म्हणाला, "मावशी, तू काठी बघतेस. त्याचा खांदा बघ." खांदा पाहू लागले आणि चार प्रयत्नांत मार्गिट पडला. माझी ताकद वाढली नव्हती, शस्त्रही तेच होते. काय पाहायचे ते कळले होते, एवढेच. या आनंदाला तोड नाही, हे मला मान्य करावेच लागेल.

दुसरा गुण मोकळीक. खेळ सुरू होताच उघड्या माळावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरताना दिसतो. नवखा खेळाडू त्याच्याशी लढायला जातो आणि क्षणात लोळतो. पण त्याच्याशी आत्ता लढलेच पाहिजे असे कोणी सांगितलेले नसते. वळसा घालून पुढे जावे, दुसरा मुलूख पाहावा, बळ वाढवून परत यावे.

तिसरा गुण कथा सांगण्याची रीत. कथा सरळ कोणी सांगत नाही. एखाद्या तलवारीखालच्या दोन ओळी, एखाद्या भणंगाचे अर्धवट बोलणे, पडक्या भिंतीवरची मूर्ती, यांतून ती आपणच जुळवायची. मियाझाकी यांनी मुलाखतींमध्ये सांगितले आहे की, लहानपणी ते आपल्या वाचनशक्तीबाहेरची पुस्तके ग्रंथालयातून आणून वाचत आणि न समजलेल्या जागा चित्रे पाहून कल्पनेने भरून काढत. त्यांच्या खेळात वाचकाला, म्हणजे खेळाडूला, तसेच कोरे कोपरे मिळतात.

चौथा गुण अनोळखी माणसांची सोबत. जगभरातले खेळाडू ठरावीक शब्द जुळवून जमिनीवर निरोप लिहून ठेवू शकतात. 'पुढे सापळा आहे' असा निरोप मला वाचवून गेला, तो लिहिणारा कोण, कुठला, हे मला कधीच कळणार नाही. यामागेही मियाझाकी यांचा एक अनुभव आहे. बर्फाच्या चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलत राहिली आणि सगळे वर पोचले. ढकलणाऱ्याचे आभार मानायला थांबता मात्र आले नाही. त्यांच्या २००९ च्या 'डेमन्स सोल्स' या खेळातल्या परस्पर मदतीची कल्पना तिथून आली, आणि ती पुढच्या खेळांतही टिकली.

डावी बाजू

आता दोष. घरच्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष असा की, मध्येच खेळ थांबवायचे साधे बटण यात नाही. "पान वाढलंय, ये" म्हटल्यावर "आलोच" असे उत्तर येते आणि वरण निवते. पूर्वी मला हा उद्धटपणा वाटायचा. पण लढाईच्या मध्ये खेळणाऱ्याला खरोखरच उठता येत नाही. हा दोष मुलाचा नसून खेळ बनवणाऱ्यांचा आहे आणि तो अक्षम्य आहे. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, तान्हे मूल आहे, त्याचा विचार इथे कोणी केलेला नाही.

दुसरा दोष असा की, कोणी काय काम सांगितले, कोण कुठे भेटणार, याची नोंदवही खेळात नाही. चार दिवसांनी परत आलेल्या माणसाला काही आठवत नाही. मी स्वयंपाकघरातल्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर नोंदी ठेवीत असे.

तिसरा दोष पुनरावृत्तीचा. इतक्या मोठ्या जगात गुहा आणि भुयारे पुष्कळ, पण त्यांतले राक्षस पुन्हा पुन्हा तेच. शेवटच्या टप्प्यात तर कठीणपणाचा प्रामाणिकपणाही सैल होतो. शत्रू अवाढव्य, दृश्य त्याच्या पायांत अडकलेले, आणि दोन फटक्यांत आपण गारद. मलेनिया ही योद्धी तर आपल्याला वार लागला की स्वतःच्या जखमा भरून काढते. जून २०२४ मध्ये आलेल्या 'शॅडो ऑफ द एर्डट्री' या पुरवणी भागाबद्दल तर जुन्या खेळाडूंनीच इतकी ओरड केली की, कंपनीने काही दिवसांतच थोडी सवलत दिली.

शिवाय खेळ रक्तरंजित आहे, युरोपात त्याला सोळा वर्षांवरील वयाचे प्रमाणपत्र आहे. धाकट्या भावंडांच्या हाती तो देऊ नये. भारतातली एकही भाषा त्यात नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या खेळाची कथा शब्दांच्या तुकड्यांतून उलगडते, त्यात हा तोटा लहान नाही.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर

'हरण्याची सवय झाली की मुले आयुष्यातही खंबीर होतात' असे या खेळाचे चाहते म्हणतात. मला ते पटले नाही. खेळात मेल्यावर काही सेकंदांत पुन्हा उभे राहता येते. चूक ताजी असते, ती लगेच सुधारता येते. प्रवेश परीक्षेची दुसरी संधी वर्षाने येते, आणि त्या वर्षात नातेवाइकांचे फोन असतात, क्लासची फी असते, पुढे गेलेले मित्र असतात. त्या हरण्याची तालीम कोणत्याही पडद्यावर होत नाही.

मग तो रोज संध्याकाळी तिथे का जातो? मला हळूहळू उमगले ते असे. घरात त्याच्या हरण्याभोवती आम्ही सगळे हलक्या आवाजात बोलत होतो. त्याच्यासमोर निकालाचा विषय काढायचा नाही, असा अलिखित नियम होता. त्या खेळात त्याची कोणी कीव करीत नव्हते. तिथे तो मोठ्याने 'मेलो' म्हणू शकत होता.

एक गोष्ट मात्र खटकली. खेळात एक घंटा मिळते. ती वाजवली की मदतीला एखादा आत्मा धावून येतो. भाचा ती कधीच वाजवीत नसे. "मदत घेऊन जिंकलं तर ते काय जिंकणं?" असे त्याचे मत, आणि पुष्कळ खेळाडूंचेही. त्याच्या भौतिकशास्त्राच्या वहीत समासात ओळीने प्रश्नचिन्हे होती. सरांना त्यांतला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. मी एकदा म्हटले, "अरे, घंटा ज्यानं खेळ केला त्यानंच ठेवलीय ना? चोरून नाही आणलेली." तो रागावला. दोन दिवस जेवायला बसला तरी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन क्लासच्या वेळेआधी अर्धा तास निघाला. कशाला, ते मी विचारले नाही.

परीक्षेला अजून दोन महिने आहेत. काय होईल ते आज कोणीच सांगू शकत नाही. ताईला मी एवढेच कळवले की, खेळ चांगला आहे, वेळखाऊ आहे, दोन तासांची मर्यादा राहू दे, आणि पुढच्या वेळी फोन केलास की अभ्यासाबरोबर मलेनियाचं काय झालं तेही विचार. वाचकांनाही हेच सांगेन. खेळाला हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण त्याआधी एक संध्याकाळ मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. आणि तो दिवस असा निवडा की स्वयंपाक लवकर झालेला असेल.