एकशे साठ एकर आणि एक बंदर

सेरा रेक्टर १९०२ साली इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमाच्या पूर्व भागात जन्मली. अगदी लहानपणीच तिच्या नावावर जवळजवळ १६० एकर जमीन लागली होती. जमीन खडकाळ, घरापासून कितीतरी मैल दूर, नांगर घालण्याच्या लायकीची नाही. वर्षाचा कर तीसेक डॉलर. तोही जड जाऊ लागला तेव्हा वडिलांनी ती विकण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग जमीन तेल काढणाऱ्यांना भाड्याने दिली आणि १९१३ मध्ये तिथे तेलाचा फवारा उडाला. दिवसाला सुमारे अडीच हजार बॅरल तेल निघू लागले. मुलीचा वाटा रोजचा तीनशे डॉलर.

सेरा तेव्हा अकरा वर्षांची होती. ती काळी होती. तिचे पूर्वज क्रीक आदिवासींचे गुलाम होते आणि गुलामगिरी संपल्यावर त्याच क्रीक राष्ट्राचे नागरिक झाले होते. त्या काळच्या ओक्लाहोमात अशा मुलीच्या पैशाचा कारभार गोऱ्या पालकाच्या हाती जाई, तसा तो गेला. देशभरच्या वर्तमानपत्रांत तिच्या श्रीमंतीच्या बातम्या छापून आल्या, परदेशांतून लग्नाच्या मागण्याही आल्या. एक प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला. पिढ्यान्‌पिढ्या समाईक असलेली जमीन एका चिमुकल्या मुलीच्या नावावर आलीच कशी?

जमिनीची मालकी आणि समाजाची घडण हा माझा अभ्यासविषय आहे. सामोआ आणि क्रीक यांची तुलना मला सर्वांत जास्त शिकवून गेली. एक समाज दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवरचा, दुसरा अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या नद्यांकाठचा. दोघांचा एकमेकांशी संबंध आला नाही. पण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दोघांच्या नशिबाचे कागद एकाच वॉशिंग्टनमध्ये तयार झाले, आणि दोन्ही कागदांवरचा मजकूर नेमका उलटा होता.

आधी क्रीक. हे नाव इंग्रज व्यापाऱ्यांनी ठेवलेले. मुंबई-ठाण्याच्या माणसाला क्रीक म्हटले की खाडी आठवते. इथे अर्थ ओढा. ते स्वतःला मस्कोगी म्हणतात. आजच्या जॉर्जिया आणि अलाबामात चॅटहुची, कूसा, टॅलापूसा या नद्यांच्या काठी त्यांची गावे होती. अशा गावाला ‘इतलवा’ म्हणत. प्रत्येक इतलव्याचा स्वतःचा पवित्र अग्नी असे. कूळ आईकडून चाले, शेत गावाचे असे आणि नव्या मक्याच्या सणाला जुना अग्नी विझवून नवा पेटवीत.

१८१४ मध्ये अँड्र्यू जॅक्सनने हॉर्सशू बेंडच्या लढाईत लढाऊ क्रीक गटाचा, ‘रेड स्टिक्स’चा, पाडाव केला. नंतरच्या तहात सुमारे दोन कोटी तीस लाख एकर जमीन काढून घेतली. तीत जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांची जमीनही होती. पुढे १८३२चा तह आला, आणि माझ्या मते तोच सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. उरलेली जमीन गावाकडून काढून कुटुंबप्रमुखांच्या नावावर करायची: प्रत्येकाला ३२० एकर, प्रमुखांना ६४० एकर. ज्याला राहायचे त्याने राहावे, ज्याला विकायची त्याने विकावी. वाचायला किती न्याय्य वाटते! प्रत्यक्षात जमिनीचे दलाल कुणालाही पैसे देऊन सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे करीत, तो दुसऱ्याचे नाव सांगून अंगठा देई आणि खरा मालक एका दुपारी भूमिहीन होई. चार वर्षांत गावेच्या गावे उपाशी पडली. १८३६ मध्ये लष्कराने हजारो क्रीकांना पश्चिमेकडे हाकलले, कित्येकांना बेड्या घालून. पुढच्या वर्षी त्यांना नेणारी ‘मॉनमाउथ’ ही आगबोट मिसिसिपी नदीत दुसऱ्या बोटीला धडकली आणि तीनशेवर माणसे बुडाली. लोचापोका गावच्या लोकांनी आपल्या अग्नीची राख मात्र वाटभर सांभाळली आणि आर्कान्सा नदीकाठी एका ओकच्या झाडाखाली नवा अग्नी पेटवला. ते झाड आजच्या टल्सा शहरात अजून उभे आहे.

नव्या प्रदेशात जमीन पुन्हा समाईक झाली. ज्याला जेवढी कसता येई तेवढी त्याची, कसणे सोडले की गावाची. १८७८ मध्ये ओक्मल्गी या गावी दगडी सभागृह बांधले. शाळा होत्या, न्यायालये होती, लिखित राज्यघटना होती. अमेरिकी काँग्रेसला नेमकी हीच समाईक मालकी खुपत होती. माणसाला स्वतःचा तुकडा मिळाला की तो कष्ट करील आणि सुधारेल, असा त्या काळच्या ‘सुधारकांचा’ पक्का विश्वास होता. त्यांच्या मागे रेल्वे कंपन्या, तेलवाले आणि जमिनीचे भुकेलेले वसाहतवाले उभे होते. १९०१ च्या करारानुसार सुमारे तीस लाख एकरांची वाटणी सुरू झाली: माणशी १६० एकर, म्हातारा असो की तान्हे मूल. सेराचा तुकडा त्यातलाच. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इंडियन टेरिटरीतल्या सगळ्या आदिवासींना अमेरिकेचे नागरिकत्व देण्यात आले. नागरिकत्व आणि वाटणी हातात हात घालून आली, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवावे.

वाटणीला विरोध करणाऱ्यांचा पुढारी होता चिट्टो हार्जो. १९०६ मध्ये टल्सात सिनेटच्या समितीसमोर उभे राहून त्याने जुन्या तहांची आठवण करून दिली. समितीने ऐकून घेतले. वाटणी थांबली नाही. १९०८ च्या कायद्याने बहुसंख्य तुकड्यांवरची विक्रीबंदी उठली आणि अल्पवयीनांच्या मालमत्ता जिल्हा न्यायालयांच्या ताब्यात गेल्या. तिथले वकील, न्यायाधीश आणि व्यापारी आदिवासी पोरांचे ‘पालक’ बनले. अँजी डेबो या इतिहासकार बाईंनी हा व्यवहार नावानिशी लिहून काढला, तेव्हा ओक्लाहोमातल्या विद्यापीठाच्या प्रकाशनाने माघार घेतली. पुस्तक १९४० मध्ये प्रिन्स्टनहून निघाले. तेल निघाले क्रीकांच्या जमिनीतून, वैभव आले टल्साला. बहुतेक क्रीक कुटुंबे तीन दशकांत भूमिहीन झाली.

आता पॅसिफिककडे वळू. १८९९ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेने सामोआची बेटे वाटून घेतली. पश्चिमेकडची मोठी बेटे जर्मनीला, पूर्वेकडची लहान अमेरिकेला. १७ एप्रिल १९०० रोजी तुतुइला बेटावर अमेरिकेचा झेंडा चढला. तिथल्या प्रमुखांनी दिलेल्या पत्रात लोकांच्या जमिनीचे हक्क जपण्याची अट होती, आणि ती पाळली गेली. म्हणजे क्रीकांची जमीन तुकड्यांत वाटण्याचा करार होण्याआधी जेमतेम वर्षभर तेच सरकार सामोआत समाईक जमिनीला हात लावणार नाही असे मान्य करीत होते!

याला सरकारची सद्बुद्धी म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. अमेरिकी नौदलाला पांगो पांगोचे खोल, चहूबाजूंनी डोंगरांनी राखलेले बंदर हवे होते, जहाजांना कोळसा भरायला. डोंगरउतारावरच्या तारोच्या शेतांत नौदलाला रस नव्हता. ओक्लाहोमात रेल्वे पोचली होती आणि मागून लाखो वसाहतवाले येत होते. समाजाची संस्कृती टिकली की मोडली, याचा निकाल बऱ्याचदा बाहेरच्याला नेमके काय हवे होते यावर लागतो.

पश्चिम सामोआतही गोऱ्या व्यापाऱ्यांनी जमिनी लाटायचा प्रयत्न केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमीन आयोग बसला, तेव्हा परदेशी लोकांचे दावे बेटांच्या एकूण क्षेत्रफळाच्या दुपटीहून अधिक भरले. आयोगाने त्यांतले सुमारे आठ टक्केच मान्य केले. १९१४ मध्ये न्यूझीलंडने जर्मनांकडून बेटे घेतली. १९१८ च्या नोव्हेंबरात ‘तालुने’ ही आगबोट फ्लूचे रुग्ण घेऊन आपिया बंदरात लागली. कुणी अडवली नाही. पाचातला एक माणूस मेला. शेजारच्या अमेरिकी सामोआत गव्हर्नरने बंदर कडक बंद ठेवले होते, तिथे एकही बळी गेला नाही. या मृत्यूंच्या रागातून ‘माऊ’ या अहिंसक चळवळीला बळ आले. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियात निघालेल्या तिच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी पडले. १ जानेवारी १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला आणि परंपरागत जमीन विकता येणार नाही हे राज्यघटनेतच लिहिले गेले. आजही तिथली सुमारे ८० टक्के जमीन अशी आहे.

ही जमीन ‘आइगा’ची, म्हणजे विस्तारलेल्या कुटुंबाची. तिचा कारभार पाहतो ‘मताई’. मताई हा किताब कुटुंब एकमताने देते. तो मालक नसतो, विश्वस्त असतो. गावाचे निर्णय मताईंची सभा, ‘फोनो’, घेते. सामोअन घराच्या अंगणात पूर्वजांची पांढरी थडगी दिसतात. तिथे सातबारा नाही, पण आमचे लोक इथे पुरलेले आहेत, हा दाखला कुठल्याही उताऱ्याहून भक्कम मानला जातो. भाऊबंदकी तिथेही आहेच. जमीन आणि किताबांच्या तंट्यांसाठी जर्मन काळापासून वेगळे न्यायालय चालते.

याची किंमत सामोआ रोज मोजतो. विकता न येणारी जमीन बँक सहसा तारण घेत नाही. भाडेपट्टे होतात, पण धंद्याला भांडवल उभे राहणे कठीण जाते. १९९० आणि १९९१ ची दोन वादळे, मग १९९३ मध्ये तारोवर पडलेला करपा, यांनी निर्यात बसवली. मोटारींच्या वायरींचे जुडगे बनवणारा याझाकीचा कारखाना १९९१ पासून गावोगावच्या पोरींना रोजगार देत होता. ऑस्ट्रेलियातला मोटार-उद्योग बंद पडल्यावर तोही २०१७ मध्ये बंद झाला. उरतो परदेश. सामोआची लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर, आणि न्यूझीलंडमध्ये स्वतःला सामोअन म्हणवणारेही दोन लाखांच्या वर. गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगलेल्या कोकणाला हे समजावून सांगावे लागणार नाही. लग्न, मयत, चर्चची वर्गणी, किताबाचा सोहळा या सगळ्याला ‘फाआलावेलावे’ म्हणतात. असा प्रसंग आला की ऑकलंडमधला सफाई कामगारही कर्ज काढून पैसे पाठवतो. ओझे फार मोठे आहे. पण म्हातारपणी परतायला जागा आहे, आणि ती कुणी लिलावात काढू शकत नाही.

अमेरिकी सामोआची अडचण वेगळी. तिथे जन्मलेला माणूस अमेरिकेचा ‘राष्ट्रीय’ असतो, नागरिक नसतो; मुख्य भूमीवर राहायला गेला तरी नागरिकत्व घेतल्याशिवाय त्याला मत नाही. तरीही अमेरिकी सैन्यात भरतीचे प्रमाण तिथे फार मोठे. खाजगी अर्थव्यवस्था ट्यूना मासा डबाबंद करण्यावर उभी. २९ सप्टेंबर २००९ रोजी त्सुनामी आली आणि दुसऱ्याच दिवशी, आधी ठरल्याप्रमाणे, दोनपैकी एक कारखाना बंद होऊन दोन हजारांवर नोकऱ्या गेल्या. जन्माने नागरिकत्व मिळावे म्हणून काही सामोअन न्यायालयात गेले, तेव्हा खुद्द अमेरिकी सामोआच्या सरकारने विरोध केला. अमेरिकेची राज्यघटना पूर्ण लागू झाली तर वंशाच्या आधारे जमीन राखून ठेवणारे कायदे टिकणार नाहीत, ही त्यांची भीती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. बाहेरून पाहणाऱ्याला हा विरोध मागासलेला वाटेल. १९०१ सालच्या क्रीकांचा इतिहास वाचलेल्याला तो वाटणार नाही.

क्रीकांचे पुढे काय झाले? १९७९ मध्ये त्यांनी नवी राज्यघटना केली. आदिवासींच्या जुगारघरांविषयीच्या १९८८ च्या कायद्यानंतर कॅसिनो उभे राहिले आणि त्या पैशातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, स्वतःचे महाविद्यालय चालू लागले. ओक्मल्गीचे दगडी सभागृह २०१० मध्ये त्यांनी शहराकडून विकत घेतले. ९ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले, की क्रीकांचा राखीव प्रदेश काँग्रेसने कधीच रीतसर रद्द केलेला नाही. फौजदारी कायद्यापुरता तो अजून अस्तित्वात आहे. टल्सा शहराचा बराच भाग त्यात येतो. घरे-दुकाने ज्यांच्या नावावर होती त्यांच्याच नावावर राहिली. पण तिथे आदिवासींवर खटला कुणी चालवायचा, हे बदलले. रोख उत्पन्नाच्या तक्त्यात ओक्लाहोमातला क्रीक सामोआतल्या शेतकऱ्याच्या खूप वर दिसेल. त्या तक्त्यात पायाखालच्या जमिनीचा रकाना नसतो, म्हणून मी त्याच्यावर विसंबत नाही.

पण समाईक मालकीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. ‘आपले’ कोण, हे ठरवण्याचा अधिकारही त्या मालकीबरोबर येतो. सामोआत १९९० पर्यंत मत फक्त मताईंना होते, आणि निवडणुकीला आजही मताईच उभा राहू शकतो. काही गावे बाईला हा किताब देतच नाहीत. फियामे नाओमी माताआफा २०२१ मध्ये पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, त्याही थोर किताब धारण करूनच. क्रीकांच्या १९७९ च्या घटनेने तर नागरिकत्व रक्तावर बांधले आणि गुलामांच्या वंशजांना, म्हणजे सेरा रेक्टरच्या लोकांना, बाहेर काढले. अमेरिकेशी झालेल्या १८६६ च्या तहात त्यांना पूर्ण हक्क दिलेले असताना. तह मोडल्याची तक्रार शतकभर करणाऱ्या राष्ट्राने स्वतः तह मोडावा, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत दुखरे पान वाटते.

जुलै २०२५ मध्ये मस्कोगी राष्ट्राच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १८६६ चा तह आजही बंधनकारक आहे आणि त्या मुक्त गुलामांचे वंशज नागरिकत्वाला पात्र आहेत.