आमची पोस्टमास्तरकी

मनुष्याच्या कपाळीं कोणता अधिकार कोणत्या वयांत येईल हें सांगतां येत नाहीं. सत्तावीस वर्षें तर्कशास्त्र शिकवून झाल्यावर, विद्यार्थी आमचें फारसें ऐकत नाहींत व घरांतील मंडळी तर मुळींच ऐकत नाहींत हें नीट समजून चुकल्यावर, २०२३ सालच्या जून महिन्यांत आम्ही अकस्मात् पोस्टमास्तर झालों. खाकी पोषाख नाहीं, शिक्का नाहीं, टपालाची थैली नाहीं. ग्रंथालयामागील एका कोंदट खोलींत अहोरात्र गुणगुणणारें एक काळें यंत्र तेवढें आमच्या ताब्यांत आलें. आमच्या महाविद्यालयाचें सारें ई-मेल या यंत्रांतून, म्हणजे सर्व्हरमधून, येतें-जातें. तें ज्यानें उभारलें तो पदार्थविज्ञानाचा तरुण अध्यापक चांगल्या पगारावर बंगळूरास निघून गेला, आणि जातांना एक वही व एक परवलीचा शब्द प्राचार्यांच्या हातीं ठेवून गेला. प्राचार्यांनीं ती वही आमच्या हातीं दिली. कारण विचारतां ते म्हणाले, "तुम्हीं एकदां प्रिंटरमध्यें अडकलेला कागद काढला होता." कार्यकारणभावावर आम्ही दरवर्षीं आठ व्याख्यानें देतों, परंतु या अनुमानापुढें आमचें कांहीं चाललें नाहीं.

वहीच्या पहिल्याच पानावर 'एलियस' असा मथळा होता. एलियस म्हणजे टोपणनांव. यंत्रांत एक साधी फाईल असते. तिच्या प्रत्येक ओळींत डावीकडे एक नांव, मध्यें विसर्गासारखीं दोन टिंबें, आणि उजवीकडे ज्या पेटींत पत्र टाकावयाचें तिचा पत्ता. ही पद्धत एरिक ऑलमन यांनीं बर्कली येथें १९८० च्या दशकाच्या आरंभीं लिहिलेल्या 'सेंडमेल' या प्रोग्रॅमपासून चालत आली आहे, आणि आमच्या यंत्रावर चालणाऱ्या, वित्से व्हेनेमा यांच्या १९९८ सालच्या 'पोस्टफिक्स'नेंहि ती तशीच पत्करली आहे. फाईलींत बदल केल्यावर 'न्यूएलियसेस' ही आज्ञा द्यावी लागते. ती दिल्यावांचून यंत्र जुन्याच यादीप्रमाणें चालतें. घरांतील वडील माणसांचा अनुभव असलेल्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

मराठी वाचकास टोपणनांव म्हणजे काय तें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. 'गोविंदाग्रज' या नांवानें कविता आली काय, किंवा 'बाळकराम' या नांवानें विनोदी लेख आला काय, त्याबद्दलची स्तुति-निंदा अखेर राम गणेश गडकऱ्यांच्याच घरीं जावयाची. नांवें दोन, घर एक. विष्णूनें तर एक हजार नांवें घेतलीं आहेत, आणि कोणत्याहि नांवानें हांक मारली तरी ती एकाच ठिकाणीं पोहोंचते असा आमच्या आईचा दृढ विश्वास होता. उलटपक्षीं एका नांवामागें अनेक घरेंहि असूं शकतात. 'परीक्षा-समिति' या नांवें आलेलें पत्र सात प्राध्यापकांच्या पेट्यांत पडतें, आणि सातहि जण तें इतर सहांनीं वाचलें असेल या भरंवशावर स्वस्थ बसतात.

टोपणनांवाचाच पुढचा प्रकार म्हणजे टपाल बाहेरगांवीं पुढें धाडणें. उजवीकडे आपल्या यंत्रांतील पेटीऐवजीं दुसऱ्याच टपालघरांतील पत्ता लिहिला कीं झालें. हें इतकें सोपें असल्यामुळें त्यांत गंमतीहि होतात. आमच्या दोन सहकाऱ्यांनीं दिवाळीच्या सुटींत आपापलें टपाल एकमेकांकडे वळविण्याची व्यवस्था आमच्याकडून करून घेतली. एकानें दुसऱ्यास सांगितलें नव्हतें. पत्र इकडून तिकडे, तिकडून इकडे! सुदैवानें प्रत्येक मुक्कामावर पत्रावर एक शिक्का उठतो, व तोच शिक्का पुन्हां दृष्टीस पडला कीं यंत्र चक्र ओळखून पत्र परत करतें. सरकारी कचेऱ्यांतील कागदांस अशी सोय नसते.

हें सारें शिकत असतां आम्हांस आमच्या वडिलांची तांबडी पेन्सिल आठवे. आमच्या लहानपणीं वाड्यांत एक कारकून भाड्यानें राहत. त्यांची बदली नागपुरास झाली. पत्रें मात्र आमच्याच दारीं येत राहिलीं. वडील तांबड्या पेन्सिलीनें जुना पत्ता खोडीत, शेजारीं नवा लिहीत, आणि तें पत्र आम्हांस पेटींत टाकावयास सांगत. इतकें कोणीहि केलें असतें. पण दर तीन-चार पत्रांमागें ते स्वतःचें एक कार्ड नागपुरास पाठवीत: आपलीं अमुक पत्रें पुढें धाडलीं आहेत, मिळालीं कीं नाहीं तें कळवावें. आईला हा खर्च व्यर्थ वाटे, आम्हांसहि वाटे.

आमचे गुरु, ज्यांच्याकडून आम्ही तर्कशास्त्र शिकलों व ज्यांच्या निवृत्तीनंतर त्यांच्याच खुर्चीवर बसलों, ते २००६ सालीं निवृत्त झाले. महाविद्यालयाचा त्यांचा ई-मेलचा पत्ता मात्र कायम होता, कारण देशोदेशीं गेलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांस तोच ठाऊक. सर आठवड्यांतून एकदां ग्रंथालयांत येत व तेथें बसून पत्रें वाचीत. पुढें गुडघे धरले, जिना चढवेना. मुलीनें त्यांना घरीं एका मोठ्या टपालघराची पेटी उघडून दिली, आणि आम्हांस निरोप आला कीं जुन्या पत्त्यावरील पत्रें तिकडे पाठविण्याची कांहीं तजवीज होईल काय. आम्हीं यंत्रापुढें बसून एक ओळ लिहिली, आज्ञा दिली, आणि अर्ध्या मिनिटांत गुरुदक्षिणा फिटल्याचें समाधान घेऊन घरीं गेलों.

२०२४ ची गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती. नेहमीप्रमाणें फुलें घेऊन आम्ही सरांकडे गेलों. बोलतां बोलतां ते म्हणाले, "अरे, यंदा मुलांचीं पत्रें नाहींत. पूर्वी या दिवशीं वीस-पंचवीस तरी येत." टपालांत कांहीं बिघाड असेल असें आम्ही म्हणणार तोंच त्यांनीं हात हलविला. "छे! बँकेचीं पत्रें येतात, कापडवाल्यांच्या जाहिराती येतात. तुझी व्यवस्था चोख आहे. मुलें विसरलीं. आतां तींहि पन्नाशीचीं झालीं. विसरावींच." इतकें बोलून त्यांनीं विषय बदलला, पण चहा घेतांना त्यांची नजर दोनदां कोपऱ्यांतल्या संगणकाकडे गेली.

घरीं येऊन आम्हीं परीक्षा घेतली. स्वतःच्या महाविद्यालयीन पत्त्यावरून सरांच्या जुन्या पत्त्यावर चार ओळी धाडल्या; एका मिनिटांत त्या त्यांना मिळाल्या. आम्हीं फोन करून मोठ्या अधिकारानें सांगितलें, "सर, व्यवस्था अगदीं चोख आहे." ते "हो का," एवढेंच म्हणाले. त्या दोन अक्षरांचा अर्थ आम्हांस पांच महिन्यांनंतर कळला.

डिसेंबरांत पुण्यास एका लग्नांत जुना वर्गबंधु भेटला. त्यानें कुशल विचारण्याच्या आधींच विचारलें, "सर आहेत ना रे?" आम्हीं चकित होऊन होय म्हटलें. तेव्हां तो म्हणाला, "मीं तीन पत्रें पाठविलीं. तिन्ही परत आलीं. खालीं लिहिलें होतें, मदत हवी असल्यास पोस्टमास्टरला लिहा. त्यालाहि लिहिलें. उत्तर नाहीं. कोण आहे तुमच्याकडे पोस्टमास्तर?"

जेवणाचें पान पुढें होतें, पण घास घशाखालीं उतरेना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या कोंदट खोलींत जाऊन आम्हीं फाईल उघडली. प्रत्येक टपालयंत्रावर 'पोस्टमास्टर' या नांवाचा पत्ता असलाच पाहिजे, असा नियम १९८२ सालापासून आहे. आमच्याकडेहि तो होता. पोस्टमास्टर या नांवापुढें लिहिलें होतें 'रूट', म्हणजे यंत्राचा धनी. आणि रूटपुढें लिहिलें होतें बंगळूरास गेलेल्या त्या तरुणाचें नांव. त्याची पेटी येथेंच होती. दीड वर्षांत ती कोणीं उघडली नव्हती. अधिकार आमच्याकडे आला होता, नांव मात्र बदललें नव्हतें. वहीच्या तिसऱ्या पानावर त्यानें ठळक अक्षरांत लिहून ठेविलें होतें: "रूटपुढील नांव बदला." आम्ही दुसऱ्या पानावरच थांबलों होतों.

पेटींत यंत्राच्या नित्याच्या अहवालांचा ढीग होता, आणि त्या ढिगांत ४१ पत्रें माणसांचीं होतीं. परत आलेल्या मूळ पत्रासह तीं पाठवावीं अशी यंत्राची सूचना असल्यामुळें बहुतेकांनीं सरांस लिहिलेलें पत्रहि खालीं जोडलें होतें. एकानें आपल्या मुलीस तर्कशास्त्रांत पारितोषिक मिळाल्याचें कळविलें होतें. एकजण परदेशांतून दोन दिवसांसाठीं येणार होता व ऑक्टोबरच्या अमुक तारखेस दर्शनास येऊं काय असें विचारीत होता. ती तारीख उलटून दोन महिने झाले होते. आणि एका पत्रांत एकच ओळ होती: "सर हयात आहेत ना?" तिला आम्हीं पांच महिने उत्तर दिलें नव्हतें.

बिघाड काय होता तो नंतर समजला. ई-मेललाहि लिफाफा असतो, व त्यावर पाठविणाराचें नांव असतें. 'एसपीएफ' नांवाच्या रीतीनें प्रत्येक संस्था जाहीर करते कीं आमच्या नांवाचा लिफाफा अमुक यंत्रांनीं आणून दिला तरच खरा मानावा. आमचें यंत्र विद्यार्थ्याचें पत्र पुढें पाठवी तें लिफाफ्यावर त्याचेंच नांव ठेवून. पलीकडचें टपालघर पाही तों नांव एकाचें आणि आणणारा भलताच, म्हणजे तोतया! २०२४ पासून मोठ्या टपालघरांनीं ही तपासणी अधिक कडक केली. मग कांहीं पत्रें दारांतून परत जात, तर कांहीं मुकाट्यानें स्पॅमच्या कोठडींत पडत. बँका व दुकानदार मात्र पत्राच्या मजकुरावरच आपली मोहोर उठवितात. 'डीकेआयएम' नांवाची ही मोहोर पत्र दुसऱ्याच्या हातून आलें तरी शाबूत राहते. म्हणून जाहिराती पोहोंचत. ज्यांच्या लहानशा कचेऱ्यांनीं ती तसदी घेतली नव्हती त्यांचीं पत्रें तेवढीं अडत. आणि आमची परीक्षा? आमचें पत्र आमच्याच यंत्रानें नेलें होतें, त्याला कोण अडविणार? जी परीक्षा नापास होणेंच शक्य नाहीं ती उत्तीर्ण झाल्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं, हें आम्ही दरवर्षीं दुसऱ्या सत्रांत शिकवितों.

४१ पत्रें कागदावर छापून आम्ही सरांकडे गेलों व झालें तें सर्व सांगितलें. आपल्या चुकीची हकीकत सांगतांना मनुष्य तांत्रिक शब्द फार वापरतो; आम्हींहि वापरले. सर कांहीं बोलले नाहींत. चष्मा पुसून ते वाचूं लागले. एकेक पत्र वाचून उजवीकडे ठेवीत. ती एका ओळीची चिठ्ठी मात्र त्यांनीं बराच वेळ हातांत धरली. अखेर म्हणाले, "पत्र आलें नाहीं, म्हणून लिहिलें नाहीं. हें अनुमान तूं मला कसें करूं दिलेंस रे?" आम्हीं मान खालीं घातली. थोड्या वेळानें तेच म्हणाले, "आणि मीं तें केलें कसें? तुला शिकविलें मींच ना?"

त्या आठवड्यांत आम्हीं दोन गोष्टी केल्या. एक, रूटपुढें आमचें नांव लिहिलें. दुसरी, पुढें जाणाऱ्या पत्रांचा लिफाफा बदलण्याची 'एसआरएस' नांवाची योजना यंत्रावर बसविली. तिच्यामुळें लिफाफ्यावर पाठविणाराच्या जागीं आमच्या यंत्राचें नांव येतें व मूळ नांव त्यांतच गुंफलेलें राहतें. पत्र अडलें तर तें आधीं आमच्या दारीं येतें. मग आमचें यंत्र तें नांव उलगडून ज्याचें त्याला कळवितें. दुसऱ्याचें पत्र पुढें धाडावयाचें तर लिफाफ्यावर आपलें नांव घालण्याची तयारी हवी, एवढाच या योजनेचा मथितार्थ. वडिलांचें कार्ड म्हणजे दुसरें काय होतें?

२०२५ ची गुरुपौर्णिमा १० जुलैला झाली. पत्रें आलीं, पूर्वीइतकीं नाहींत, पण आलीं. दर सोमवारीं आम्ही पोस्टमास्तरची पेटी उघडतों. तींत बहुधा कचराच असतो, तो वाचून टाकून देतों. आणि महिन्यांतून एकदां सरांना फोन करून पत्रें मिळालीं ना तें विचारतों. मागल्या खेपेस ते जरा त्रासून म्हणाले, "अरे, दरवेळीं हें विचारायला फोन कशाला? तुझें यंत्र तुला सांगत नाहीं?"

आम्हीं म्हटलें, "पाठविल्याचें सांगतें, सर."