भोवतालाशी केलेला करारनामा

कोथरूडमधील ज्या इमारतीत मी राहतो, तिच्या आवारात जमिनीखाली एक हौद, गच्चीवर एक टाकी आणि या दोहोंच्या मध्ये एक पंप आहे. सकाळी महापालिकेचे पाणी हौदात येते आणि ते वर चढविण्याचे काम आमचे वॉचमनकाका वर्षानुवर्षे बिनचूक करीत आले आहेत. या पंपाचा नियंत्रक स्वतः न लिहिता तो यंत्राकडूनच रचवून घ्यावा, असे गेल्या उन्हाळ्यात माझ्या मनाने घेतले, कारण प्रोग्राम लिहिण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला या विद्येइतकी दुसरी कोणतीच विद्या मोह घालीत नाही.

यंत्राकडून प्रोग्राम रचवून घेण्याच्या या विद्येत प्रोग्राम लिहावयाचा नसतो, त्याने काय साधावे एवढेच लिहावयाचे असते. 'नेहमी', 'केव्हातरी', 'अमुक होईपर्यंत' ही आपल्या रोजच्या बोलण्यातली अव्यये कालिक तर्कशास्त्रात काटेकोर अर्थ धारण करतात. संगणकशास्त्रात त्यांना हे स्थान अमीर प्नुएली यांनी १९७७ साली मिळवून दिले. यंत्र या अव्ययांनी लिहिलेल्या सूत्रांकडे एक डाव म्हणून पाहते: भोवतालाने कोणतीही खेळी केली तरी प्रोग्रामजवळ उत्तर असेल, तर ती उत्तरांची मालिका म्हणजेच प्रोग्राम, नसेल तर तसा प्रोग्राम संभवतच नाही, असा निवाडा यंत्र देते. सूत्राची लांबी थोडी वाढली तरी या शोधाचा खर्च किती भयंकर फुगू शकतो, हे प्नुएली आणि रोस्नर यांनी १९८९ साली दाखविले, म्हणून सूत्र लिहिताना शब्द जपून वापरावे लागतात.

परंतु भोवतालाला सर्वस्वी मोकळे सोडले तर कोणतेच उद्दिष्ट साधत नाही. पाणी कधी आलेच नाही तर टाकी कोण भरणार? म्हणून गृहीतके लिहावी लागतात, आणि गृहीतके म्हणजे भोवतालाशी केलेला करारनामाच होय: तू या शर्ती पाळ, मग मी ही हमी देतो. माझी हमी अशी होती, की पंप कोरडा चालणार नाही, टाकी ओसंडणार नाही आणि टाकीतले पाणी कमी झाले की ती केव्हातरी भरेल. शर्ती तीन होत्या. पाणी फक्त सकाळीच येते, पाणी येत नसताना पंप फार वेळ चालला तर हौदाचा तळ लागतो, आणि तिसरी शर्त वॉचमनकाकांच्या तोंडची, "साहेब, आपला हौद कधी रिकामा पडत नाही."

यंत्राने काही सेकंदांत अवघ्या तीन अवस्थांचा प्रोग्राम हाती दिला. पेन्सिल घेऊन मी त्याचा माग काढू लागलो, तेव्हा दिसले ते असे: सकाळचे पाणी बंद होताच तो पंप सुरू करतो आणि पुन्हा कधीच बंद करीत नाही. दुसऱ्या शर्तीप्रमाणे हौद रिकामा व्हायलाच हवा आणि तिसरीप्रमाणे तो रिकामा होता कामा नये, तेव्हा भोवतालाला एक ना एक शर्त मोडणे भागच होते. आणि शर्त मोडली, की मी दिलेली सारी हमी रद्द. मग टाकी ओसंडो वा पंप जळो, दस्तऐवजाच्या शब्दांनुसार प्रोग्रामकडे कसूर नाही. यंत्राने लबाडी केली नव्हती. मी लिहिले तेच त्याने वाचले होते.

कसूर माझी होती, आणि ती कोठे होती हे उमगायला मला दोन दिवस लागले. हौद रिकामा पडत नाही हे वाक्य खरे होते, पण ते हौदाविषयी नव्हतेच; पाण्याची पातळी पाहून वेळेवर खटका बंद करणाऱ्या हाताविषयी ते होते. तो हात काढून त्याच्या जागी प्रोग्राम बसवावयाचा, आणि त्या हाताची दक्षता मात्र सृष्टीचा नियम म्हणून गृहीत धरावयाची, असा हा प्रमाद होता. प्रोग्राम काहीही करो, भोवतालाला पाळता येईल तीच शर्त घालावी, हा विचार चॅटर्जी, हेन्झिंगर आणि जोबस्टमन यांनी २००८ साली मांडला होता. तो मी वाचलेला होता, समजला मात्र हौदाच्या काठावर.

खाणीतील पंपाचे उदाहरण या दृष्टीने मी पुन्हा काढून वाचले. पुढे पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरचे नेतृत्व करणाऱ्या मथाई जोसेफ यांनी १९९६ साली संपादिलेल्या ग्रंथात ते आधारभूत आहे: खाणीत पाणी चढते म्हणून पंप चालवावा, आणि मिथेन वायू वाढला तर स्फोटाच्या भयाने तो बंद ठेवावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परितोष पंड्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पंपाचा नियंत्रक यंत्राकडून रचविला, तो अशा शर्तींवर, की वायूची गळती अमुक क्षणांहून अधिक टिकत नाही, दोन गळत्यांमध्ये किमान अमुक अंतर असते, आणि पंप अमुक क्षण सलग चालला तर पाणी उतरते. प्रत्येक शर्तीला मुदत आहे, आणि एकही शर्त कोणा माणसाच्या जागरूकतेवर विसंबलेली नाही.

मी तिसरी शर्त खोडली आणि हौदात तरंगता गोळा बसविल्याचे धरून त्याची खूण प्रोग्रामला कळू दिली. तिच्या जागी पाणी 'केव्हातरी' येते एवढेच लिहिले, तर त्यात दहा वर्षांनी आलेले पाणीही बसते. म्हणून, एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहतो आणि शुक्रवारी पाणी उशिरा, कमी दाबाने येते, हे ध्यानात घेऊन मी 'दोन दिवसांच्या आत' अशी मुदत घातली. या वेळी यंत्राला बराच वेळ लागला, अवस्थाही पुष्कळ झाल्या, पण हौदातला गोळा उतरला की प्रोग्राम पंप थांबवीत होता.

शर्तींचा तो कागद मी वॉचमनकाकांना वाचून दाखविला. त्यांनी एकेक शर्त मान हलवीत ऐकली आणि मग विचारले, "आणि पंप चालू असताना वीज गेली तर, साहेब?"